हवामान बदल आणि सैन्य : झाडं लावण्यापलीकडं नेमकं काय चाललंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मुलगा पुण्यात डिफेन्स स्टडीजमध्ये एमए करतोय, त्याचं म्हणणं, क्लायमेट चेंज ही सिक्युरिटी रिस्क आहे असं सगळीकडं वाचतो, पण सैन्य त्यासाठी प्रत्यक्षात काय बदलतं? का नुसतं वृक्षारोपण आणि सोलर पॅनल? आणि डिझर्टेशन, म्हणजे एमएचा प्रबंध, करायचं तर विषय कुठला घेऊ?

उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो. मी सॅपर, म्हणजे इंजिनिअर्समधला, खडकीच्या सेंटरचा, आणि नोकरीचा बराचसा काळ उत्तर सिक्कीम आणि लडाखमध्ये रस्ते, पूल, हेलिपॅड, पाण्याच्या लायनी, शेल्टर यातच गेला. त्यामुळं हे सगळं इंजिनिअरच्या नजरेनं लिहिलेलं आहे, इन्फंट्रीवाला किंवा नेव्हीवाला कदाचित वेगळं सांगेल.

सेमिनारमध्ये जे ऐकायला मिळतं ते बहुतेक वेळा मोठं मोठं असतं. पाण्यावरून युद्धं होणार, बांगलादेशातून लोंढे येणार, आर्क्टिकमध्ये नवे मार्ग उघडणार, आणि 'थ्रेट मल्टिप्लायर' (आधीच असलेला धोका वाढवणारी गोष्ट) हा शब्द तर अमेरिकेत २००७ साली निवृत्त जनरल-ॲडमिरल मंडळींच्या रिपोर्टात आला तेव्हापासून प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर असतो. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला उद्या सकाळी शंभर जवान आणि वीस गाड्या एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात न्यायच्यात त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. माझ्या मते खरी गोष्ट अशी की सैन्याचं सगळं काम आकड्यांवर चालतं. कॅम्प नदीपासून किती वर लावायचा, नाला किती वाजता ओलांडायचा, हेलिकॉप्टरमध्ये किती किलो टाकायचे, घाट कधी बंद होतो आणि त्याआधी रेशन किती भरायचं, रिक्रूटला उन्हात किती पळवायचं. हे आकडे पन्नास-साठ वर्षांच्या अनुभवातून आलेत आणि आता ते जुळेनासे झालेत. ते आकडे दुरुस्त करणं आणि जिथं दुरुस्तीनं भागत नाही तिथून सामान, माणसं, इमारती हलवणं, याला मी ॲडॅप्टेशन म्हणतो. बाकीचं बरंचसं फोटोपुरतं.

सिक्कीमपासून सुरू करतो कारण तिथं हे सगळं एकाच रात्रीत दिसलं. ३ आणि ४ ऑक्टोबर २०२३ च्या मधली रात्र. दक्षिण ल्होनाक नावाचं हिमनदीच्या तोंडाशी तयार झालेलं सरोवर, साधारण ५,२०० मीटरवर. त्याच्या कडेचा गोठलेला मोरेन, म्हणजे दगडमातीचा बर्फानं धरून ठेवलेला बांध, तो पाण्यात कोसळला, त्यानं लाट उठली, सरोवराचं तोंड फुटलं आणि सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी खाली निघालं. खाली चुंगथांगला तीस्ता-३ चं धरण होतं, १,२०० मेगावॉटच्या प्रोजेक्टचं, ते वाहून गेलं, मग धरणातलं पाणीही त्यात मिसळलं. सिंगतामजवळ बारडांगला सैन्याच्या गाड्या नदीकाठच्या जागेवर उभ्या होत्या. २३ जवान बेपत्ता झाले, त्यातला एकच जिवंत सापडला. गाड्या चिखलात छतापर्यंत रुतलेल्या. आणि एक गोष्ट जी बातम्यांत दोन दिवस आली आणि विसरली गेली, ती म्हणजे दारूगोळा वाहून गेला. तो तीस्तेबरोबर पार खाली पश्चिम बंगालमध्ये जलपायगुडीपर्यंत पोचला, लोकांनी नदीतून भंगार समजून उचलला, एका घरात मॉर्टरचा गोळा फुटला आणि लहान मुलाचा जीव गेला. पुढं कित्येक दिवस सैन्याच्या टीम नदीकाठानं तो दारूगोळा शोधून निकामी करत फिरत होत्या.

आता कुणी म्हणेल नदीकाठी गाड्या लावल्याच कशाला? तर साहेब, पहाडात सपाट जागा मिळते कुठं? नदीनं हजारो वर्षांत गाळ टाकून जी टप्पेवजा जमीन केलेली असते तीच सपाट, तिथंच बाजार, तिथंच शाळा, तिथंच हेलिपॅड, तिथंच ट्रान्झिट कॅम्प. वर जायचं तर उतार कापावा लागतो, कापला की दरड येते. म्हणजे खाली पूर, वर दरड, आणि मधली जागा कुणाच्या तरी शेताची. कॅम्पची जागा बघायला जाताना आम्ही काय करायचो, तर कातळावर पाण्याचे जुने डाग बघायचे, झाडाच्या खोडात अडकलेला कचरा किती उंचीवर आहे ते बघायचं, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की बाबा पाणी कुठवर आलेलं पाहिलंस? तो हात करून दाखवायचा, त्याच्यावर थोडी मार्जिन ठेवायची, झालं. ही पद्धत पावसाच्या पुरासाठी उत्तम आहे, शंभर टक्के, आजही वापरा. पण सरोवर फुटून येणारं पाणी त्या म्हाताऱ्यानं कधी पाहिलेलंच नसतं, त्याच्या आज्यानंही पाहिलेलं नसतं. तिथं स्थानिक स्मृती कामाची नाही, तिथं वरच्या सरोवराचा सॅटेलाइट फोटो दर वर्षी बघावा लागतो आणि खोऱ्याचं मॉडेल चालवावं लागतं की फुटलं तर अमुक वळणावर पाणी किती उंच येईल आणि किती मिनिटांत येईल. हा बदल आता कुठं सुरू झालाय. गंमत बघा, ल्होनाकवर कॅमेरा आणि हवामानाची उपकरणं त्या घटनेच्या काही आठवडे आधीच बसवली होती, पण खालपर्यंत भोंगा वाजवणारी साखळी पूर्ण झालेली नव्हती. आणि साखळीतली शेवटची कडी सगळ्यात अवघड असते, म्हणजे रात्री एक वाजता कॅम्पच्या संत्रीला निरोप आला तर त्यानं कुणालाही न विचारता सगळ्यांना उठवून वर पळवायचं, हा अधिकार त्याला लेखी दिलेला पाहिजे. नाहीतर तो आधी ड्युटी ऑफिसर शोधत बसतो.

त्यानंतर १ जून २०२५ ला लाचेनजवळ छातेनच्या कॅम्पवर मुसळधार पावसात दरड आली, तीन मृतदेह मिळाले, सहा जण बेपत्ता. पुन्हा ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशीत धराली गाव गाडलं गेलं आणि जवळच हर्षिलचा सैन्याचा कॅम्पही त्यात सापडला. तिथले जवान आपलीच माणसं बेपत्ता असताना गावकऱ्यांना काढत होते. या सगळ्या घटना एकट्या हवामान बदलामुळं झाल्या असं मी सांगणार नाही, प्रत्येकीत स्थानिक कारणं आहेत, बांधकाम आहे, भूगर्भ आहे. पण अशा घटनांचा पॅटर्न दिसत असताना कॅम्पची जागा जुन्याच फूटपट्टीनं ठरवणं हा शुद्ध हलगर्जीपणा होईल.

आता लडाख. तिथं गणित वेगळं आहे, तिथं प्रश्न तासांचा आहे. हिमनदीच्या पाण्यावर चालणाऱ्या नाल्याला रोजची भरती-ओहोटी असते, सकाळी पाणी कमी, दिवसभर ऊन पडतं, वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ किंवा रात्र होते. त्यामुळं क्रॉसिंग पहाटे करायचं हे आम्हाला पहिल्या टर्नमध्येच घोटवून घेतात. जून २०२४ च्या शेवटी सासेर ब्रांगसाजवळ श्योक नदीत एक टी-७२ रणगाडा अडकला, पाणी अचानक वाढलं, रेस्क्यू टीम गेली पण प्रवाह इतका होता की पाचही जण गेले. ट्रेनिंग संपवून परत येत होते, युद्ध नव्हतं काही. टी-७२ तयारीशिवाय साधारण १.२ मीटर पाण्यातून जाऊ शकतो, पुस्तकात असं लिहिलंय. पण श्योकसारख्या नदीत तळ रोज बदलतो, कालची उथळ जागा आज खोल असते, आणि वितळण्याचा हंगाम व वेळ दोन्ही पुढं-मागं सरकलं की 'या महिन्यात या वेळेला इथून जाता येतं' ही युनिटकडून युनिटला दिली जाणारी माहिती धोकादायक होते. टर्नओव्हरच्या वेळी जुनं युनिट नव्याला जी वही देतं ना, त्या वहीचा भरवसा कमी होतोय हे मान्य करणं जड जातं, कारण ती वही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट असते.

याला उपाय एकच, पूल. चीनच्या सीमेकडं जाणारा दार्बुक-श्योक-दौलत बेग ओल्डी रस्ता, २५५ किलोमीटर, त्याची पहिली आखणी नदीपात्राला चिकटून होती, उन्हाळ्यातल्या पाण्यानं तो वाहून जायचा, मग बराचसा भाग नव्या आखणीनं पुन्हा करावा लागला. २०१९ ला श्योकवर कर्नल चेवांग रिनचेन सेतू झाला, १,४०० फूट लांब, समुद्रसपाटीपासून १४,६५० फुटांवर, मायक्रोपायलिंगच्या, म्हणजे जमिनीत खोल घातलेल्या बारीक खांबांच्या, पायावर. तेव्हा सगळ्यांनी त्याला चीनच्या संदर्भात वाचलं, बरोबरच आहे ते, पण आमच्या लेखी तो पूल म्हणजे उन्हाळ्याचे महिने परत मिळवणं होतं. बॉर्डरवर इन्फ्रास्ट्रक्चर करताना शत्रू आणि हवामान ही दोन कारणं वेगळी काढताच येत नाहीत आणि पैसे अर्थातच पहिल्या कारणावर मंजूर होतात, ही आतली गोष्ट.

हवाई दलाचंही तसंच. लेहचा एअरपोर्ट ३,२५६ मीटरवर. हवा आधीच विरळ, त्यात तापलं की आणखी विरळ. पायलट लोकांचा ठोकताळा असा की स्टँडर्डपेक्षा १ डिग्री तापमान जास्त असलं की विमानाला आपण साधारण १२० फूट आणखी उंचावर आहोत असं वाटतं. दहा डिग्री जास्त म्हणजे हजार-बाराशे फूट. म्हणून लेहची वाहतूक पूर्वीपासून सकाळी सकाळी उरकतात. जुलै २०२४ च्या शेवटी तिथं पारा पस्तिशीच्या आसपास गेला आणि कित्येक सिव्हिलियन फ्लाइट रद्द झाल्या. मिलिटरी विमानाला फिजिक्समधून सूट नसते. एकतर वजन कमी न्या नाहीतर आणखी लवकर उडा. हेलिकॉप्टरला तर हे फारच लागतं, वरच्या पोस्टवर चीता जातो तेव्हा त्याची पेलोड किलोत मोजतात, अक्षरशः एक जेरीकॅन घ्यायचा की दोन यावर चर्चा होते. म्हणजे तेवढंच सामान पोचवायला जास्त फेऱ्या, जास्त तास, जास्त मेन्टेनन्स, जास्त रिस्क. ड्रोनवरून सामान पोचवायचे प्रयत्न चाललेत त्यामागं हेही एक कारण आहे, फक्त टेक्नॉलॉजीची हौस नाही.

एक उलटी गोष्टही सांगायला पाहिजे नाहीतर चित्र एकांगी होईल. झोजीला, म्हणजे काश्मीरहून लडाखला जाणाऱ्या रस्त्यावरचा घाट, पूर्वी हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद असायचा, त्यावर आमचं सगळं विंटर स्टॉकिंग आखलेलं, म्हणजे घाट बंद व्हायच्या आत रेशन, केरोसीन, दारूगोळा, कपडे सगळं वर. २०२३ ला तो ६८ दिवसांत उघडला, २०२५ ला ३२ दिवसांत. श्रेय बीआरओच्या, म्हणजे सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या संघटनेच्या, पोरांचं आणि मशीनचं आहेच, पण काही हिवाळ्यांत बर्फही कमी पडलंय. मग खूश व्हायचं का? अर्धवट. घाट लवकर उघडतो हे चांगलं, पण बर्फ नको त्या वेळी पडतं, फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये, जेव्हा गाड्या रस्त्यावर असतात. जमिनीखालचं गोठलेलं पाणी सुटायला लागलं की रस्ता बसतो. त्यामुळं प्लॅनर लोक स्टॉकिंग कमी करायला धजत नाहीत आणि मला वाटतं बरोबर करतात. खरा उपाय बोगदा, म्हणजे सोनमर्गचा जानेवारी २०२५ ला सुरू झाला, झोजीलाचा चालू आहे.

चीनच्या बाजूला हा त्रास नाही असं समजू नका. त्यांची चिंगहाय-तिबेट रेल्वे शेकडो किलोमीटर पर्माफ्रॉस्टवरून, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीवरून, जाते, रुळांच्या कडेला त्यांनी हीट पाइप रोवलेत, जमिनीतली उष्णता वर ओढून बाहेर टाकणारे, आणि भरावात मोकळे दगड टाकलेत म्हणजे थंड हवा खेळती राहील. आम्ही सॅपर लोक ते डिझाइन बघून मनातल्या मनात दाद देतो. पण तिबेटचं पठार तापतंय, आणि तो खर्च त्यांच्याही मागं लागलाय.

सियाचीनबद्दल थोडक्यात. तिथं १९८४ पासून गोळीपेक्षा हवामानानं जास्त माणसं नेली हे सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी २०१६ ला सोनम पोस्टवर दहा जण बर्फाखाली गेले, लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि नंतर हॉस्पिटलात गेले. पलीकडं गयारीला एप्रिल २०१२ मध्ये पाकिस्तानची १४० माणसं एकाच हिमस्खलनात गेली. तिथं जुळवून घेणं म्हणजे डीआरडीओच्या चंदीगडमधल्या डीजीआरई या संस्थेकडून येणारं ॲव्हलांच बुलेटिन, म्हणजे हिमस्खलनाचा इशारा, त्याच्यावर हालचाल थांबवायची शिस्त, आणि पोस्टची जागा बदलायची तयारी. भेगांवर बर्फाचे जे नैसर्गिक पूल असतात ते लवकर कच्चे होतात म्हणून शिडी आणि दोर जास्त लागतात, रात्रीची हालचाल वाढते. बुलेटिन असताना वरून 'आजच पोचा' असा आदेश आला तर काय करायचं, हा प्रश्न टेक्निकल नाही, कमांडचा आहे, आणि तो प्रत्येक पिढीला नव्यानं सोडवावा लागतो.

उन्हाकडं सैन्याचं लक्ष त्यामानानं कमी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. उंचीसाठी आपल्याकडं पक्कं टेबल आहे, ९,००० ते १२,००० फुटांत ६ दिवस, पुढच्या १५,००० पर्यंत ४, त्याच्या वर आणखी ४, आणि कुठलाही जनरल ते टेबल मोडत नाही, व्हीआयपी सोडले तर. कारण ते मोडलं की माणूस फुप्फुसात पाणी होऊन मरतो हे आपण १९६२ च्या आसपास फार महाग पडून शिकलो. उष्णतेसाठीही शरीराला दहा-चौदा दिवस लागतात हे विज्ञान तेवढंच पक्कं आहे. पण उन्हाचा त्रास म्हटलं की अजून 'पोरगा कच्चा आहे' असं बोललं जातं. ब्रिटिशांनी जुलै २०१३ मध्ये ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात सिलेक्शन मार्चवर तीन जण उष्णतेनं गमावले, वेल्समध्ये, म्हणजे जिथं ऊन या गोष्टीचं कौतुक असतं तिथं. अमेरिकन बेसवर तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र मोजून झेंडा लावतात आणि काळा झेंडा लागला की जोराची पीटी बंद. नुसतं थर्मामीटर बघून चालत नाही, आपल्या कोकणात ३४ डिग्रीला जे होतं ते जैसलमेरला ४२ ला होत नाही. हे मशीन फार महाग नसतं. प्रत्येक ट्रेनिंग सेंटरच्या परेड ग्राउंडवर ते असावं आणि त्याचा आकडा उस्तादाला बंधनकारक असावा.

आता ज्या कामात आमचे सगळ्यात जास्त फोटो निघतात ते, म्हणजे पूर आणि दरड. ३० जुलै २०२४ ला वायनाडला मुंडक्काई-चूरलमलावर डोंगर आला. तिथला पूल गेला म्हणून मशीन पलीकडं जाईनात. मद्रास सॅपर्सनी १९० फुटांचा, २४ टन भार पेलणारा बेली ब्रिज उभा केला आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी गाड्या पलीकडं गेल्या. त्या टीमवर मेजर सीता शेळके होत्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्याच्या, फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. लोकांना वाटतं पूल म्हणजे क्रेननं उचलून ठेवला. नाही हो. बेलीचं एक पॅनल १० फूट लांब, वजन साधारण २६० किलो, ते सहा माणसं दांड्यांवर घेऊन खांद्याला खांदा लावून चालतात, पिन ठोकतात, पुढं रिकामा सांगाडा जोडतात ज्याला नोज म्हणतात, आणि सगळा पूल रोलरवरून ढकलत समोर नेतात, मागचं वजन पुढच्यापेक्षा कायम जास्त ठेवत, नाहीतर तोंड नदीत. पावसात, चिखलात, रात्री. दुसऱ्या महायुद्धातलं डिझाइन आहे आणि आजही त्याला तोड नाही कारण त्याला अक्कल आणि घाम एवढंच लागतं. पण ते सामान कुठून आलं? बेंगळुरूहून ट्रकनं आणि दिल्लीहून विमानानं कन्नूरला. हा जुळवून घेण्याचा खरा मुद्दा आहे. पुलाचं सामान बॉर्डरच्या हिशोबानं डेपोत ठेवलेलं असतं. आता सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना, केरळपासून रायगडपर्यंत, दर पावसाळ्यात कुठंतरी लागणार हे दिसत असेल तर ते आधीच जवळ आणून ठेवायला हवं.

महाराष्ट्रात २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला महाड-चिपळूण, दोन्ही वेळा आर्मी आणि नेव्हीच्या टीम उतरल्या, २०२१ च्या आर्मीच्या कामाला 'ऑपरेशन वर्षा २१' नाव होतं. खरं म्हणजे यासाठी एनडीआरएफ आहे, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला त्यांची पाचवी बटालियन आहे, कामात वाघ आहेत. सैन्य हे शेवटी बोलवायचं असा नियम. प्रत्यक्षात कलेक्टर पहिल्या तासाला फोन करतो आणि आम्ही जातो, जायलाच पाहिजे, नाही म्हणायचा प्रश्नच नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये बोटीवर गेलेली कंपनी त्या वेळी ट्रेनिंगवर नसते, तिची गाडी, बोट, ओबीएम (बोटीचं इंजिन) सगळं झिजतं, आणि दर वर्षी असंच झालं तर ही इमर्जन्सी राहत नाही, रूटीन होतं. रूटीनसाठी वेगळी माणसं, वेगळं बजेट पाहिजे. राज्यांनी आपली एसडीआरएफ, म्हणजे राज्याची आपत्ती दलं, नीट भरली तर सैन्यावरचा निम्मा भार उतरेल असं मला वाटतं, आणि हे मी सैन्याचा म्हणून नाही, टॅक्स भरणारा म्हणूनही सांगतोय. दुसऱ्या बाजूनं, मिलिटरी तळांचा उपयोगही बघा. डिसेंबर २०१५ ला चेन्नई एअरपोर्ट पाण्यात, फ्लाइट अरक्कोणमच्या नेव्हल तळावरून. ऑगस्ट २०१८ ला कोची बंद, फ्लाइट आयएनएस गरुड या नेव्हल तळावरून. म्हणजे तळ उंचावर आणि कोरडा असणं हे शहराच्याही कामाचं.

नेव्हीवर मी कमी बोलतो, अनुभव कमी. वादळ येणार म्हटलं की जहाजं बंदरातून बाहेर खोल समुद्रात नेतात, धक्क्याला बांधलेलं जहाज धक्क्यावरच आपटतं म्हणून. ऑक्टोबर २०१४ च्या हुदहुदनं विशाखापट्टणम झोडपलं तेव्हा किनाऱ्यावरच्या नेव्हल तळाचं बरंच नुकसान झालं, इमारती आणि हँगर काही समुद्रात नेता येत नाहीत. आणि अरबी समुद्र पूर्वीसारखा शांत राहिला नाही, पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या अभ्यासात गेल्या दोन दशकांत तिथल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढल्याचं आलंय. मे २०२१ च्या तौक्तेत मुंबईजवळ पी-३०५ बार्ज बुडाली, आयएनएस कोचीसारख्या जहाजांनी त्या लाटांत पावणेदोनशेहून जास्त माणसं काढली, हे काम कुठल्याही लढाईपेक्षा सोपं नव्हतं. बेटांचा प्रश्न आणखी वेगळा. लक्षद्वीपमध्ये जमीन समुद्रापेक्षा दोन-चार हात वर, आणि मार्च २०२४ ला मिनिकॉयला आयएनएस जटायू हा नेव्हल तळ सुरू झालाय, तेव्हा त्याच्या बांधकामात पाण्याची पातळी आणि लाट किती वर्षांची धरलीय हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. समुद्र नुसता चढतो असं नाही, तापतोही. ब्रिटिशांच्या टाइप ४५ विनाशिका आखाताच्या गरम पाण्यात वीज जाऊन बंद पडायच्या, इंजिनातला कूलिंगचा भाग तिथं पुरा पडत नव्हता, शेवटी जहाजं कापून नवे जनरेटर बसवावे लागले.

इमारतींबाबत सगळ्यात मोठा धडा अमेरिकेचा. १० ऑक्टोबर २०१८ ला हरिकेन मायकलनं फ्लोरिडातला टिंडल एअरबेस भुईसपाट केला. उडू शकणारी एफ-२२ विमानं आधी हलवली, पण दुरुस्तीत असलेली हँगरमध्येच राहिली आणि छपरं त्यांच्यावर आली. पुन्हा बांधायला सुमारे ५ अब्ज डॉलर, आणि नव्या इमारती ताशी २६५ किलोमीटरच्या वाऱ्याला टिकतील अशा. पुढच्या मार्चमध्ये नेब्रास्कातल्या ऑफट बेसचा तिसरा भाग पुरात. इतकं होऊनही २०२५ मध्ये त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं की आमचं खातं हे क्लायमेट वगैरे करणार नाही, आम्ही लढायचं ट्रेनिंग करतो. राजकारण आपल्या जागी. पण टिंडलची नवी छपरं त्याच वाऱ्यासाठीच बांधली जातायत, फक्त फायलीवर 'रेझिलियन्स' किंवा 'रेडिनेस' लिहायचं. आपल्याकडं तर क्लायमेट हा शब्द मिलिटरीच्या फायलीत क्वचितच असतो आणि काम 'ड्रेनेज सुधारणा', 'रिटेनिंग वॉल' या नावांनी होतं. माझी काही तक्रार नाही, काम झाल्याशी मतलब.

झाडं आणि सोलर यांची मी सुरुवातीला थट्टा केली, तर न्यायानं तेही सांगतो. इको टास्क फोर्स १९८२ पासून आहे, मसुरीच्या चुनखडीच्या खाणींनी बोडके केलेले डोंगर माजी सैनिकांनी हिरवे केले, ते खरं काम आहे. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावण्यांत, २५ टक्के हलकी वाहनं, ३८ टक्के बसेस आणि ४८ टक्के मोटारसायकली इलेक्ट्रिक करायचं ठरलंय, छान आहे, त्यानं लढाईत फरक पडत नाही. पण पुढच्या पोस्टवर सोलर ही गोष्ट वेगळी आहे. तिथं केरोसीनचा प्रत्येक लिटर गाडी, खेचर, हेलिकॉप्टर करत वर जातो. अमेरिकन आर्मीनं अफगाणिस्तानचा हिशोब काढला तेव्हा दर २४ इंधन ताफ्यांमागं एक माणूस मेला किंवा जखमी झाला होता. आपल्याकडं गोळी नसेल, पण दरड आहे, बर्फ आहे. चुशूलला एनटीपीसीबरोबर सोलर आणि हायड्रोजनवर २०० किलोवॉटचा मायक्रोग्रिड उभारला जातोय, रात्रंदिवस वीज देणारा. तो चालला तर डिझेलचे ट्रक कमी, धूर कमी, आवाज कमी. हे मी पर्यावरण म्हणून बघतच नाही, हे लॉजिस्टिक्स आहे.

आता डिझर्टेशन. 'क्लायमेट चेंज अँड नॅशनल सिक्युरिटी' असलं काही घेऊ नका, त्यात चारशे पेपर आहेत आणि सगळे एकमेकांना कोट करतात. एक खोरं घ्या. तीस्ता घ्या, किंवा जवळचं हवं असेल तर सावित्री-गांधारी घ्या, महाड. गेल्या वीस वर्षांत सैन्य, नेव्ही, एनडीआरएफ कधी बोलावले गेले, फोन किती वाजता गेला, पहिली बोट पाण्यात कधी पडली, वाटेत कुठला पूल किंवा घाट बंद होता, पुलाचं सामान कुठून आलं. यातलं बरंचसं कलेक्टर ऑफिस, तहसील आणि जुन्या पेपरांत मिळतं, काही आरटीआयनं मिळेल. लष्करी तळांचे नकाशे मागू नका, मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. तहसीलमधल्या पूरनियंत्रण कक्षाच्या रजिस्टरपासून सुरुवात करा, त्यात फोनची वेळ हातानं लिहिलेली असते.